शोधप्रबंध ऑनलाइन जाताना: कलाकारांचे हक्क आणि संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात चित्रकला, शिल्पकला, नाट्य, संगीत, चित्रपट किंवा वास्तुकला या विषयांवर पीएच.डी. करणाऱ्या संशोधकांना प्रबंध सादर करण्याच्या शेवटच्या महिन्यांत जे प्रश्न पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. ज्यांची चित्रे, शिल्पे किंवा छायाचित्रे अशा प्रबंधांत छापली जातात, त्या कलाकारांचे आणि त्यांच्या वारसांचे काही प्रश्नही यात आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिला असेल तर वकिलांचा सल्ला घ्यावा.

प्रबंध परीक्षेसाठी लिहिला जातो. मग कलाकाराच्या परवानगीचा प्रश्न येतोच कुठे?

बांधणी केलेल्या प्रबंधाच्या मोजक्या प्रती निघत होत्या, एक पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या कपाटात जात होती आणि एक मार्गदर्शकांकडे राहत होती, तोवर हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून मात्र प्रत्येक प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाऊ लागली आणि 'शोधगंगा' या संग्रहात ती कोणालाही वाचता येऊ लागली. २०२२ च्या नियमावलीनुसार मूल्यमापन पूर्ण झाल्यावर आणि पदवी जाहीर होण्यापूर्वीच ही प्रत विद्यापीठाने पाठवायची असते.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार कलाकृतीची कोणत्याही माध्यमात प्रतिकृती करणे, ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे हे हक्क कॉपीराइटधारकाचे आहेत. लोकांपर्यंत पोहोचवण्याची कायद्यातली व्याख्या इतकी व्यापक आहे की, ती कलाकृती प्रत्यक्षात कोणी पाहिली की नाही याला महत्त्व राहत नाही. ती पाहता येईल अशी ठेवली, एवढे पुरते. म्हणून परीक्षकांच्या हाती प्रबंध देणे आणि तोच प्रबंध जगासमोर ठेवणे ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी कृत्ये आहेत. पहिल्यासाठी मिळालेली मोकळीक दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. पुढची बहुतेक उत्तरे याच भेदावर उभी आहेत.

मग प्रबंध ऑनलाइन जाऊच नये, अशी विनंती करता येते का?

प्रत पाठवण्याचे बंधन विद्यापीठावर आहे, त्यामुळे निव्वळ इच्छा नाही म्हणून ते टळत नाही. पण शोधगंगेवर प्रबंध सहसा प्रकरणनिहाय वेगवेगळ्या फायलींत ठेवला जातो, आणि याचा उपयोग करून घेता येतो. ज्या चित्रांची परवानगी मिळालेली नाही, ती मजकुरात विखरून न ठेवता स्वतंत्र चित्रसंचात ठेवावीत. परीक्षकांना तो संच पूर्ण द्यावा आणि ऑनलाइन प्रतीत चित्रांच्या जागी कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि मूळ कलाकृती कोठे आहे याची नोंद ठेवावी. असे दोन संच चालतील का, हे प्रबंध सादर करण्यापूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि पीएच.डी. विभागाला लेखी विचारून घ्यावे. सादर केल्यानंतर फाईल बदलून घेणे हे फार कष्टाचे काम असते.

'संशोधनासाठी वापर चालतो' असे सगळेच सांगतात. ते खरे नाही का?

अर्धे खरे आहे. कलम ५२(१)(क) मध्ये न्याय्य वापराची मुभा तीन प्रकारांसाठी आहे: संशोधनासह खासगी किंवा वैयक्तिक वापर, त्या किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीची समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. पहिल्या प्रकारात 'संशोधन' हा शब्द आहे खरा, पण तो 'खासगी किंवा वैयक्तिक वापर' याच्या पोटात आला आहे. अभ्यासिकेत बसून चित्राची छायाप्रत काढणे, टिपणे करताना ते संगणकात ठेवणे, मार्गदर्शकांना दाखवणे हे सारे त्यात बसते. जगभर खुल्या असलेल्या संग्रहाला 'खासगी' म्हणणे अवघड आहे.

ऑनलाइन प्रतीसाठी खरा आधार आहे तो समीक्षेच्या मुभेचा. तुम्ही एखाद्या चित्रातील अवकाशाची मांडणी, रंगलेपन किंवा रचना यांची चर्चा करत असाल, आणि ते चित्र समोर नसेल तर वाचकाला तुमचा मुद्दा कळणारच नसेल, तर ते चित्र छापणे हा समीक्षेचाच भाग ठरतो. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या विडंबनाच्या प्रकरणात तीन गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या: मूळ कृतीतला किती आणि किती मोलाचा भाग घेतला, कोणत्या हेतूने घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव आहे का. चित्राच्या बाबतीत पहिली कसोटी संशोधकाच्या विरुद्ध जाते, कारण चित्र बहुधा पूर्णच छापावे लागते. उरलेल्या दोन कसोट्या मात्र त्याच्या बाजूच्या आहेत. प्रबंधातील छोट्या, कमी तपशिलाच्या प्रतिमेमुळे कोणी मूळ चित्र किंवा त्याची छापील प्रत घ्यायचे थांबत नाही.

त्यामुळे प्रत्येक प्रतिमेबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हिच्यावर मी निदान एक परिच्छेद लिहिला आहे का? ज्या चित्राचा मजकुरात उल्लेखही नाही, जे प्रकरणाच्या सुरुवातीला शोभेसाठी लावले आहे, त्याला समीक्षेचे संरक्षण मिळणार नाही. अशी चित्रे प्रबंधात असूच नयेत, असे आमचे मत आहे. कायद्यासाठी आणि प्रबंधासाठीही.

दिल्ली विद्यापीठाजवळील छायाप्रतींच्या दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठीच्या वापराला उदार अर्थ दिला, याचा दाखला अनेक जण देतात. तो निकाल अध्यापनाच्या ओघात शिक्षक आणि विद्यार्थी जो वापर करतात त्याबद्दलचा, म्हणजे वेगळ्या उपकलमाचा आहे. प्रबंधाच्या ऑनलाइन प्रसारासाठी त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

चित्र ज्यांच्या संग्रहात आहे त्यांनी फोटो काढू दिला. तेवढे पुरेसे आहे का?

बहुधा नाही. चित्राची मालकी आणि चित्राचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात चित्र विकत घेणाऱ्याला कॅनव्हास मिळतो, प्रतिकृती करण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. संग्रहालयाने किंवा खासगी संग्राहकाने छायाचित्रणाला दिलेली परवानगी ही त्यांच्या जागेत शिरून त्यांच्या वस्तूचे छायाचित्र घेण्याची परवानगी असते. तीही घ्यावीच लागते आणि तिच्या अटी पाळाव्याच लागतात, पण कलाकाराची किंवा वारसांची परवानगी त्याखेरीज लागते.

याला एक अपवाद आहे आणि पुण्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये, संस्थांच्या सभागृहांमध्ये तो वारंवार भेटतो. मोबदला देऊन एखाद्याने व्यक्तिचित्र काढून घेतले असेल किंवा छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला कॉपीराइटधारक ते काम सांगणारा असतो, असे कलम १७ म्हणते. म्हणजे घराण्याने पैसे देऊन काढून घेतलेल्या आजोबांच्या तैलचित्रासाठी परवानगी त्या घराण्याकडे मागायची. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींचा हक्कही, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो.

कोणत्या कलाकारांच्या कृती आता मोकळ्या झाल्या आहेत?

कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो, हा भारतातला नियम आहे. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, आणि त्याच सुमारास सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली.

हिशोब सोपा आहे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि म. वि. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले. दोघांच्याही चित्रांना आता परवानगी लागत नाही. सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचलेले दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेर. प्रभाकर बरवे यांच्यासाठी ते वर्ष २०५५ आहे, वासुदेव गायतोंडे यांच्यासाठी २०६१. वारली चित्रांच्या बाबतीत 'ही तर परंपरा, तिला मालक कुठला' असे सर्रास म्हटले जाते; परंपरेतील आकार आणि चिन्हे कोणा एकाची नाहीत हे खरे, पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेले विशिष्ट चित्र हे त्यांचेच आहे आणि ते २०१८ मध्ये गेले, त्यामुळे त्याचा हक्क २०७८ च्या अखेरीपर्यंत टिकतो.

जुन्या छायाचित्रांचाही नियम हाच आहे का?

आता हाच आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रांची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षे अशी मोजली जाई. संपलेला हक्क त्या दुरुस्तीने पुन्हा जिवंत झाला नाही. म्हणून १९५१ च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झालेले छायाचित्र मोकळे समजायला हरकत नाही. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या किंवा कधीच प्रसिद्ध न झालेल्या छायाचित्रासाठी छायाचित्रकाराचे निधनवर्ष शोधावे लागते.

चित्रपटांवरील प्रबंधात दृश्यचौकटी आणि पोस्टर वापरायची असतील तर?

पुण्यात हा प्रश्न सर्वाधिक येतो, कारण १९३३ मध्ये कोल्हापूरहून येथे आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या जागेतच आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथून जवळच आहे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून १९३० च्या दशकातील चित्रपटांतील दृश्यचौकटींबाबत चिंता उरलेली नाही. पण चित्रपटाची मुदत संपली म्हणून त्यातील प्रत्येक घटकाची संपली असे होत नाही. गीताचे शब्द गीतकाराच्या निधनापासून मोजले जातात. हाताने रंगवलेले पोस्टर ही स्वतंत्र कलाकृती आहे. तिचा चित्रकार पगारी होता की कामापुरता बोलावलेला, यावर हक्क कोणाचा हे ठरते, आणि मुदत दोन्ही बाबतीत चित्रकाराच्या आयुष्यावरच मोजली जाते.

संग्रहालयाकडे प्रत आहे याचा अर्थ हक्कही त्याच्याकडे आहे असा नसतो. तेथून मिळालेल्या प्रतिमेसोबतच्या अटी मात्र कराराच्या अटी असतात. कॉपीराइट संपला असला तरी, तुम्ही त्या सही करून मान्य केल्या असतील तर पाळाव्या लागतात.

चौकातील पुतळे आणि भिंतींवरील चित्रे यांची छायाचित्रे चालतात का?

पुतळ्यांची आणि इमारतींची चालतात. नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला आणि १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घ्या: शिल्पकार १९६७ मध्ये निवर्तले, म्हणजे कॉपीराइट २०२७ अखेरपर्यंत आहे, तरीही लोकांना प्रवेश असलेल्या जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मुभा कलम ५२ देते.

भिंतीवरील चित्रांचे मात्र तसे नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ही मुभा वास्तू, शिल्प आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तू यांच्यापुरती आहे. रंगवलेल्या चित्राचा त्यात समावेश नाही. पेठांमधल्या भिंतींवरील आधुनिक चित्रांवर प्रबंध लिहिणाऱ्याने समीक्षेच्या मुभेवर विसंबावे किंवा सरळ चित्रकाराला विचारावे. भिंतीवर सही असते, चित्रकार हयात असतात आणि बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात.

परवानगीपत्रात नेमके काय लिहून घ्यावे?

येथे थोडे थांबून वाचावे, कारण बहुतेक परवानगीपत्रे 'माझी चित्रे प्रबंधात वापरण्यास हरकत नाही' या एका ओळीत संपतात आणि ती ओळ पुरत नाही.

कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. त्यापुढे कलम ३०अ असे सांगते की, कॉपीराइट हस्तांतराला लागू असलेले कलम १९ चे नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होतात. त्याचे तीन परिणाम संभवतात. पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि दिलेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही, तर वेगळे नमूद केले नसल्यास तो संपुष्टात येतो.

आता हे पीएच.डी.च्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. नियमानुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा हा अभ्यास. संशोधक पहिल्या वर्षी ज्येष्ठ चित्रकारांच्या घरी जातो, चित्रांचे फोटो काढतो, पत्र घेतो. प्रबंध पाचव्या वर्षी ऑनलाइन जातो. तोवर वर्षाची अट उलटून गेलेली, पाच वर्षांची मुदत संपत आलेली, आणि प्रबंध तर जगभर आणि कायमचा दिसणार असतो. दरम्यान चित्रकार निवर्तले असतील तर नवे पत्र वारसांकडून घ्यावे लागते.

म्हणून पत्रात पुढील आशयाचा मजकूर असावा: 'सोबतच्या यादीतील चित्रांच्या प्रतिमा अमुक यांच्या पीएच.डी. प्रबंधात छापण्यास, आणि तो प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात, शोधगंगेवर तसेच नियमानुसार त्यांच्या जागी येणाऱ्या अन्य शैक्षणिक संग्रहांत इंटरनेटद्वारे जगभर उपलब्ध ठेवण्यास, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, विनामोबदला आणि अनन्य नसलेली (म्हणजे इतरांनाही देता येईल अशी) परवानगी मी देत आहे. ही परवानगी एका वर्षाच्या आत वापरली न गेल्यास संपुष्टात येणार नाही. व्यावसायिक पुस्तकासाठी वेगळी परवानगी लागेल.' खाली चित्रांची यादी, तारीख आणि सही. शेवटचे वाक्य कलाकाराच्या हिताचे आहे, आणि ते आपण होऊन लिहून नेले की समोरच्याचा विश्वास बसतो, हा अनुभव अनेकांचा आहे.

वयोवृद्ध कलाकारांना हा मजकूर वाचून दाखवावा, इंटरनेटवर म्हणजे नेमके काय होणार ते समजावून सांगावे, आणि प्रत त्यांच्याकडे ठेवावी. चहा घेता घेता पुढे केलेल्या कागदावर घेतलेली सही कायद्याने कदाचित टिकेलही, पण ती घेण्याची रीत नव्हे.

वारस अनेक आहेत, किंवा सापडतच नाहीत. अशा वेळी काय करावे?

अनेक असतील तर सर्वांची सही घेणे सुरक्षित. एकाच मुलाने दिलेल्या पत्रावर पुढे दुसरा हरकत घेऊ शकतो. मृत्युपत्र असेल तर तेही पाहावे, कारण कलाकाराच्या हयातीत अप्रकाशित राहिलेली कलाकृती मृत्युपत्राने एखाद्याला दिली असेल, तर उलट हेतू दिसत नसल्यास तिचा कॉपीराइटही त्याच्याकडे जातो.

सापडत नसतील तर कलम ३१अ खाली सक्तीच्या, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीवाचून मिळणाऱ्या, परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी जाहिरात, कागदपत्रे आणि कायदेशीर खर्च लागतो. एका प्रबंधातील दोन चित्रांसाठी तो मार्ग कोणी धरावा असे आम्ही सुचवणार नाही. केलेल्या शोधाची नोंद ठेवावी आणि चित्र समीक्षेच्या मुभेत बसत नसेल तर ऑनलाइन प्रतीतून वगळावे.

कलाकाराची पत्रे आणि रोजनिशी उद्धृत करायची आहे.

पत्राचा कागद ज्याला आले त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. ग्रंथालय, संग्रहालय किंवा लोकांना खुल्या असलेल्या संस्थेतील अप्रकाशित साहित्य संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी उतरवून घेण्याची मुभा आहे, मात्र लेखक ज्ञात असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटलेली हवीत. ही मुभा साहित्य, नाट्य आणि संगीत यांना आहे. त्याच बासनातील अप्रकाशित रेखाटनांना ती लागू नाही.

लावणी, तमाशा किंवा मैफलीचे चित्रीकरण प्रबंधासोबत जोडता येईल का?

निव्वळ अध्यापन किंवा संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण कलम ३९ नुसार सादरकर्त्याच्या हक्काचा भंग ठरत नाही. ते इंटरनेटवर चढवणे ही पुन्हा वेगळी बाब आहे आणि सादरकर्त्याचे हक्क सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतात. शिवाय रचनाकाराचा हक्क वेगळा. चित्रफीत विभागाच्या संग्रहात ठेवून प्रबंधात तिची स्वरलिपी आणि वर्णन द्यावे, हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग.

प्रबंधात माझीच चित्रे आहेत. मला कसली काळजी?

प्रबंध शोधगंगेवर गेला म्हणून तुमचा कॉपीराइट जात नाही. पण तेथील साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश, अव्यावसायिक, समान-वाटप हा परवाना दर्शवलेला असतो. या परवान्यात श्रेय देऊन, नफ्याचा हेतू नसताना, कृतीत बदल करण्याचीही मोकळीक असते आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. तुमच्या लेखनाबाबत हे तुम्हाला मान्य असेल. तुमच्या चित्रांबाबत असेलच असे नाही. म्हणून प्रबंधाच्या आरंभीच्या पानांत आणि प्रत्येक चित्राखाली स्पष्ट लिहावे की, हा परवाना चित्रांना लागू नाही. इतरांच्या चित्रांखाली तर हे लिहिलेच पाहिजे, कारण जो हक्क आपला नाही त्याचा परवाना आपण देऊ शकत नाही.

श्रेय दिले, की सगळे मिटते ना?

नाही. श्रेय न देणे हे वाङ्मयचौर्य, आणि त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची वेगळी नियमावली आहे. परवानगी न घेणे हा कॉपीराइटचा प्रश्न. नीट श्रेय देऊनही भंग होऊ शकतो, आणि मोकळ्या झालेल्या चित्राचेही श्रेय द्यावेच लागते.

मी चित्रकार आहे. माझी चित्रे न विचारता एका ऑनलाइन प्रबंधात आली आहेत. काय करू?

आधी ती कशी आली आहेत ते पाहावे. तुमच्या कामाची चर्चा करताना, नाव देऊन, लहान आकारात आली असतील तर समीक्षेची मुभा संशोधकाच्या बाजूने आहे, आणि अशी नोंद पुढे तुमच्याच कामाच्या अभ्यासाला उपयोगी पडते. चित्र कापून, उलटे, चुकीच्या नावाने किंवा रंग बिघडवून छापले असेल, तर कलम ५७ लागू होऊ शकते. कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही कलाकाराकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकताना मोडले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे त्यांना पाच लाख रुपयांची भरपाई दिली आणि शिल्पाचे अवशेष परत करायला सांगितले.

संशोधकाला, मार्गदर्शकांना आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एकाच वेळी लेखी कळवावे, प्रबंधाचे शीर्षक, पान क्रमांक आणि आपली मागणी नेमकी लिहावी: नाव दुरुस्त करायचे आहे, की प्रतिमा काढायची आहे. कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच. नोंदणी हा पुरावा आहे, आणि एका कलाकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे. पत्रांनी काम झाले नाही तर कलम ६२ नुसार कलाकाराला आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे पुण्यात राहत असल्यास शिवाजीनगरला, दावा दाखल करता येतो, मग संग्रह गांधीनगरला असो वा आणखी कोठे.